तुम्ही आधी, तुम्ही आधी!

...आणि वर म्हणे सहकार्य! तुम्हाला सांगतो, भांडणं परवडली, पण हे सहकार्य नको! भांडणात निदान समोरचा काय करतोय यावर डोळा तरी असतो!

आमच्या हिचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, गावातल्याच हॉस्पिटलात. गावाला लागून नदी, नदीवर पूल, पलीकडं दुसरा देश. त्यांचंही असंच हॉस्पिटल, अशीच चार जुनाट मशिनं. तर दोन्ही सरकारांनी ठरवलं, दोन कशाला? एकच ठेवू, चांगलं ठेवू. उत्तम! मग मिटिंगा! आमचे साहेब म्हणायचे, "तुमचंच ठेवा हो, इमारत केवढी प्रशस्त!" पलीकडच्या बाई म्हणायच्या, "छे छे, तुमचंच ठेवा, डॉक्टर किती अनुभवी!" अहो, दारात उभं राहून 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' चाललंय का! शेवटी दोघंही खूश होऊन घरी गेले, आणि समोरच्याचा मान राखायचा म्हणून दोघांनीही... आपापलं बंद करायचा आराखडा लिहिला! म्हणून म्हणतो, भांडणं परवडली!

सह्यांच्या दिवशी मला बोलावलं, 'रुग्णांचा प्रतिनिधी' म्हणून. म्हणजे मागची खुर्ची आणि दोन बिस्किटं. ही शेजारी. चष्मा लावून दोन्ही आराखडे वाचले तिनं आणि माझी बाही ओढली. "अहो, मग सोमवारी मी जायचं कुठं?"

हळूच हं... घाबरली की ती हळू बोलते. अडतीस वर्षांच्या संसारात तिसऱ्यांदा ऐकला मी तो आवाज. तीस वर्षं पोस्टात काढली, साहेबासमोर कधी खोकलोसुद्धा नाही, पण उठलो! "दोन्ही कागद वाचा आणि सांगा, हिला सोमवारी नेऊ कुठं?"

मग एकदम, "आमच्याकडं आणा!" "नाही नाही, आमच्याकडं!" पुन्हा तेच! मी टेबलावर हात आपटला. "दोन्ही चालू ठेवा! एकीकडचं मशीन बंद पडलं, तर पेशंट पुलावरून पलीकडं! पेशंटला पास! लिहा!" लिहिलं की हो त्यांनी!

आता आमचं मशीन रुसलं की आम्ही पलीकडं. पुलावर हिला खुर्ची, पाणी, "या काकू"... आणि मला? पास फक्त पेशंटला! नवरा लिहायचा राहिला, आणि सांगणारा कोण, तर मीच! परवा शिपायानं अडवलं, "तुम्ही कोण?" मी सांगणार, अरे बाबा, ही योजनाच माझी... तेवढ्यात ही मागं वळून म्हणाली, "माझ्याबरोबरचे आहेत ते, सोडा त्यांना."

काय करणार... गेलो आपला, तिची पिशवी धरून!