आईचा घसा

सोनी: वाटी पडली! मी नाही पाडली, आईच्या हातातून पडली.

बायडाबाई: ऐकलं वं माय, भिंतीपलीकडं ऐकलं. सकाळपासून तुमच्या खोलीत काही वाजलंच नाही. मला वाटलं, कडी लावून अथाल गावाला तुझ्या बहिणीकडं गेले सगळे. काय व्हयनं, चंदा? पेज सांडली की सगळी.

चंदा: पुसते.

बायडाबाई: पुसशील नंतर. खाल्ली का थोडी तरी?

सोनी: ती खातच नाही, आजी. काल पण नाही. थुंकी गिळताना असं तोंड करते. हे बघा, असं.

बायडाबाई: दुखस का?

चंदा: गिळताना. कानापर्यंत कळ जाते.

बायडाबाई: अंग पण तापलंय. भावेशला सांगितलं?

चंदा: त्यांना दिसलं. घसा बसलाय, बोलू नको म्हणाले. मग शिफ्टला गेले.

सोनी: म्हणून आई बोलत नाही. ओंकार रडतो ना, तर मी त्याला सांगते, आईचा घसा दुखतो, म्हणून ती तुला हाक मारत नाही. मग तो गप्प बसतो. थोडाच वेळ.

बायडाबाई: शहाणी माझी बाई. जा, पाळण्याची दोरी धर. चंदा, तू इकडं बैस, पाठमोरी. पडजीभ पडली असंल. टाळूवरचे केस ओढते. कट वाजलं की जीभ वर गेली समज. माझ्या सासूनं अख्ख्या गल्लीच्या पडजिभा उचलल्या.

चंदा: ओढा.

बायडाबाई: हं, मान ढिली सोड... वाजलं! ऐकलं का?

चंदा: ऐकलं.

बायडाबाई: दुखलं नाही?

चंदा: नाही.

बायडाबाई: अगं, बट हातात आली माझ्या! माझा पोरगा गोकुळ, एवढा मिशीवाला गडी, कंपनीत दहा माणसांवर ओरडतो, तो पण आई गं करून उड्या मारतो. तू साधं हूं नाही केलं.

चंदा: ओढलेलं कळलंच नाही.

बायडाबाई: गिळून बघ बरं.

चंदा: तसंच आहे.

बायडाबाई: सोनी, मोबाइल आण. बॅटरी लाव. आ कर, चंदा. मोठ्ठा. अरे देवा! दोन्हीकडच्या गाठी सुजून लाल, वर पांढरे ठिपके. हे केस ओढून जायचं नाही. माझी सासू असती तर अंगठा घालून दाबत बसली असती, आणखी चिघळलं असतं. ऊठ, दवाखान्यात चल.

चंदा: नको. गोळ्या दुधात उतरतात. सासूबाई फोनवर म्हणाल्या.

बायडाबाई: धुळ्यात बसून तुझा घसा बघितला का त्यांनी? तू अंगावर पाजते, हे मी डॉक्टरणीला पहिलं सांगीन. तिला ठरवू दे. रिक्षा बोलवते मी.

चंदा: बरं.

बायडाबाई: भांडत पण नाही बाई ही.

(काही दिवसांनी. तीच खोली, दुपार.)

बायडाबाई: आज भाकरी खाल्ली म्हणे! सोनीनं दारातून ओरडून सांगितलं. अख्ख्या चाळीला कळलं.

चंदा: हो. गिळता येतं आता.

बायडाबाई: मिठाच्या गुळण्या?

चंदा: करते. कोमट पाणी पिते. सगळं करते.

बायडाबाई: सगळं करते, मग ह्या गोळ्या पाकिटात कशा राहिल्या? डॉक्टरीणबाई बोलली ना, दुखणं थांबलं तरी पाकीट संपवायचं? अर्धवट सोडलं तर परत उलटतं. कधी सांध्यांत जातं, कधी काळजापर्यंत. पाजणाऱ्या बाईला चालतील अशाच दिल्या, ते पण बोलली. आता कशाचं भ्याव?

चंदा: भीती नाही.

बायडाबाई: मग?

चंदा: दुखत होतं तेव्हा बरं होतं, मावशी.

बायडाबाई: हे काय बोलणं झालं?

चंदा: कोणी काही विचारत नव्हतं. हे म्हणायचे बोलू नको, सोनी म्हणायची बोलू नको. आणि गिळलं की कळ यायची. दिवसभरात तेवढं एक कळायचं मला.

बायडाबाई: आणि बाकीचं?

चंदा: बाकीचं करते ना. तो रडतो, मी उचलते. पाजते, पुसते, कपडे बदलते. आत काही हलत नाही. कोणीतरी थोडा वेळ सांभाळायला दिलाय आणि न्यायला येणार आहे, असं वाटतं.

बायडाबाई: केव्हापासून?

चंदा: त्याला घरी आणलं तेव्हापासून. मला वाटलं, झोप होत नाही म्हणून असेल.

बायडाबाई: केस ओढले तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आणि मी तुझ्या घशातच बघत बसले.

चंदा: घशात दिसत तरी होतं. लाल, पांढरं. ह्याला बॅटरी कुठं मारणार?

बायडाबाई: उद्या त्याच डॉक्टरणीकडं जाऊ. बाळंतिणीला होतं असं. कोणी बोलत नाही, पण होतं.

चंदा: तिला काय सांगायचं?

बायडाबाई: मला सांगितलं तेच. अडली तर मी आहे. माझं तोंड कधी बंद असतं का? पण भावेशला आज तूच सांग.

चंदा: ते सासूबाईंना सांगतील. त्या येतील, बाळाला धुळ्याला घेऊन जातील.

बायडाबाई: नेतील कशा? मी दारात आडवी पडीन.

चंदा: न्यायची भीती नाही, मावशी. त्यांनी नेलं आणि मला तेव्हाही काही वाटलं नाही तर?

बायडाबाई: घे. पाणी घे. आधी ही गोळी गिळ, माझ्यासमोर. उद्याचं उद्या, पण सोडायचं नाही आता.

चंदा: गिळली.

सोनी: मी बघते! आता मी डॉक्टर. आजी, मोबाइल हलवू नका ना. आई, आ कर. अजून मोठा.

चंदा: आ...

सोनी: लाल नाही. पांढरं पण नाही. आजी, आईचा घसा बरा झाला! आई, आता बोलता येतं ना तुला?

चंदा: येतं.

सोनी: ओंकार उठलाय. बघ, इकडंच बघतोय. आई, आता मी त्याला काय सांगू?