पाट्याला पॉलिश

मंडळी, गुळगुळीत ग्रॅनाइटवर पाण्याचा एक थेंब टाका. तो फुगून वरच बसतो. तोच थेंब खडबडीत शहाबादीवर टाका. पसरतो, मुरतो, मागे काळसर डाग ठेवतो. आता सांगा, यातला चांगला दगड कोणता? नाही ना सांगता येत? कारण तो लावायचा कुठे, हे मी सांगितलंच नाही! देवानं दोन्ही दगड घडवले. कुठे कोणता, हे ओळखायला बुद्धी दिली आणि सांगायला जीभ. मग जिला कळतं, तिनं घरच्यांचं मन राखायला गप्प बसावं, हे पुण्य की पाप? ऐका.

साताऱ्याच्या वनिताबाई कुंटे. स्वयंपाकघर नवं करायचं म्हणून जुना ओटा फोडला, आणि तिथेच सगळं थांबलं! यजमान श्रीधरपंतांना ओटा, भिंती, जमीन सगळं चकचकीत हवं, तोंड दिसलं पाहिजे. मुलगा निनाद म्हणे, सगळं ओबडधोबड. दगड दगडासारखा दिसावा. बापलेकांनी नमुन्याच्या फरशा दिवाणखान्यात मांडल्या. आला-गेला पाहुणा मत देई आणि चहा पिऊन जाई. चहा कोण करत होतं? वनिताबाई! गॅलरीत, वाऱ्यानं विझणाऱ्या शेगडीवर.

त्यांना कळत नव्हतं का? पुरतं कळत होतं. खडबडीत ओट्यात हळद मुरणार, ती घासता घासता मनगट जाणार. गुळगुळीत जमिनीवर तेल सांडलं, की आपण आडव्या. पण विचारलं की उत्तर एकच – "तुम्हाला आवडेल तसं करा." अहो बाई! जीभ काय नुसती मीठ चाखायला दिली आहे? हसू नका काकू, तुम्हीही घरी हेच म्हणता.

शेवटी पंतांनी मुलाला हरवायचं ठरवलं. वनिताबाईंचा पाटा, माहेरून आलेला, त्यांनी गुपचूप ग्रॅनाइटच्या कारखान्यात नेला आणि पॉलिश करून आणला. नुसता आरसा! म्हणाले, बघ, खडबडीत दगडाचंसुद्धा सोनं होतं.

वनिताबाईंनी भिजवलेली डाळ त्यावर घेतली. वरवंटा फिरवला. डाळ घसरली. पुन्हा फिरवला – डाळ पंतांच्या पायाशी. अहो, टाकीचे घावच घासून टाकले, तर वाटलं कसं जाणार?

निनाद हसला. म्हणाला, "आई, आता तरी सांग. बाबांचं बरोबर की माझं?"

मंडळी, जिला तुम्ही सोशिक म्हणता, तिचं गप्प बसणं असं पाट्यापर्यंत येतं. तो पाटा पंतांनी एकट्यानं नाही घासला! तुमच्या घरी 'तुम्हाला आवडेल तसं' म्हणून काय अडून पडलंय, ते आठवा. मग वनिताबाईंचं ऐका. त्यांनी डाळ गोळा केली, पदराला हात पुसले.

"ओटा गुळगुळीत. जमीन खडबडीत. पाट्याला टाकी लावून आणा. आणि हे सगळं होईपर्यंत चहा तुम्ही दोघं करा, गॅलरीत."