स्क्रीनवरचा बाण

हॅलो? … हां अश्विन, मीच दिला होता मिस्ड कॉल. झोपला होतास? अकरा वाजेपर्यंत? … बरं बरं, रविवार आहे, मान्य. अरे, ऐक ना, परत बिघडलं.

काय म्हणजे? तुझा तो टॅब! लॅपटॉपवरचं काही उमटतच नाहीये त्याच्यावर … वायर कुठली बघू? वायफायवरच चालतो ना तो … हो, बंद करून चालू केला. दोनदा केला.

अरे, उद्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची प्रुफं तपासून द्यायचीत मला. लॅपटॉपच्या उजेडात जरा बसले की अर्धं डोकं ठणकायला लागतं … घेतली गोळी. पण टॅबवर कसं, छापील कागद वाचल्यासारखं वाटतं. शेजारची पूजा परवा हसत होती, वहिनी, पुस्तकं वाचायच्या टॅबचा मॉनिटर केलात होय? म्हटलं, आमच्या साहेबांनी बंगळुरूला जाताना करून दिलाय.

हां, तुला लॅपटॉपमध्ये शिरायचा कोड पाठवला … मिळाला? … आला, आला! बाण हलला. तूच हलवतोयस ना? … नाही रे, मी माऊसला हातही लावला नाही. तिकडे बसून आमच्या नाशिकरोडच्या घरात बाण फिरवतोस, कमाल आहे बाबा … हं, फिरव, फिरव.

लॅपटॉपकडे बघू नको म्हणतोस? … उजेड कमी केलाय मी. दुखलं तर दुखू दे. तू काय करतोस ते बघतेय.

हो आई, अश्विनच आहे! … अरे, आई विचारतायत, शनिवारी कुठल्या गाडीने येतोस …

…

अच्छा.

… नाही, रागावले नाही. रजाच दिली नाही तर तू तरी काय करणार. मागच्या महिन्यातही नव्हती दिली … टोमणा नाही रे. सिन्नरच्या कंपनीत होतास तेव्हा सातच्या ठोक्याला दारात असायचास. अजून सातला कान दाराकडे जातात, एवढंच … आईंना मी सांगते. तू सेटिंग बघ.

टॅबमध्ये बघू? … थांब ना, आधी लॅपटॉपमध्येच नीट बघ. तो वरचा कोपरा राहिला … माहितीये, तिथे काही नसतं. तरी बघ.

बरं बाई, बघते … हां. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला लागलाय … आता कसा लागला, मला काय माहीत? लागला असेल आपोआप … बदलते, ओरडू नकोस. घरचं वायफाय … हां. काळा झाला … पांढरा झाला … आलं! तुझा बाणही आला. थांबत थांबत चालतोय, जिना चढल्यासारखा.

एवढ्यात जाऊ नकोस … आता काय उघडलंस? … म्हणजे टॅब कुठल्याही नेटवर असला तरी आपोआप लॅपटॉपला जोडला जाणार? परत कधीच बिघडणार नाही? … नको … नको म्हणते ना, अश्विन! त्या चौकोनात खूण करू नकोस.

कारण … अरे, बिघडत नाही ते. मीच दर रविवारी टॅब हॉटस्पॉटला लावते … हसू नकोस! एरवी फोनवर 'जेवलीस का, आई कशा आहेत' विचारून ठेवून देतोस. हे दुरुस्त करायला बसलास की अर्धा तास असतोस. हे उघड, ते बंद कर, स्वतःशीच पुटपुट … मी नुसती त्या बाणाकडे बघत बसते. तू घरात वावरतोयस असं वाटतं.

… रडत नाहीये. … मला काय बाण हवाय का? तू हवायस. इथे, समोर. पण तू येईपर्यंत तेवढा तरी राहू दे ना रे.

… हॅलो? बाण परत त्या चौकोनावर कशाला नेलास?

… काढलीस? केलेली खूण काढून टाकलीस? … हां, दिसतंय. रिकामा आहे चौकोन.

बरं, ठेव आता, आई हाक मारतायत. आणि ऐक, पुढच्या रविवारी परत बिघडणार आहे … काय? … लवकर बिघडव म्हणतोस? आणि तुझी झोप? … बरं. चहा झाला की लगेच बिघडवते. ठेवते.