अकरा मिनिटांत महायुद्ध

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका गाल धरून नंबराची वाट बघत होते. शेजारी दोन शिक्षिका बोलत होत्या.

"अगं, सहा वर्षांचं महायुद्ध पोरांनी अकरा मिनिटांत संपवलं!"

"ऑनलाइन धडा ना? वाचलं तरी का?"

"कपाळ! 'पुढे'चं बटण दाबत सुटली. शहर बेचिराख झालं, पुढे. छावणीतली मुलं, पुढे. सगळ्यांना शंभर टक्के."

"सगळ्यांना?"

"एक पोरगी सोडून. सैनिकाचं आईला लिहिलेलं पत्र आहे त्यात. तासभर तिथेच अडून बसली."

"का गं?"

"मीही ओरडले, पुढे जा की! तर म्हणते, 'बाई, हा घरी पोचला का, ते कुठे लिहिलंय?'"

"मग मार्क?"

"शून्य. धडा अपूर्ण. बदलायची सोयच नाही."

"मुख्याध्यापकांना सांग ना."

"सांगितलं! म्हणाले, मुलगी मागे पडतेय, पालकांना चिठ्ठी पाठवा. म्हणजे ती मीच लिहायची."

काकांचं नाव पुकारलं. ते उठले, पण दाराशी थबकले.

"बाई, पोचला का हो तो घरी?"

शिक्षिकेने पर्सची चेन उघडली, परत लावली.

"काय सांगू काका. मीही पुढेच दाबलं होतं."