कॉलव्हरबाईंचा पहिला घोट

अर्ध्या कॅलिफोर्नियात रूळ टाकणाऱ्या घराण्यातल्या कॉलव्हरबाई महिन्यापूर्वी एकाएकी गेल्या, तेव्हापासून एल्सपेथच्या शाळेत दुसरा विषयच नव्हता. त्यामुळे स्टेशनवर पाठीमागच्या बाकावर बाईंचीच मोलकरीण नोरा धाकट्या बहिणीबरोबर बसली आहे हे कळताच तिने बीजगणिताचं पुस्तक उघडलं आणि कान टवकारले.

"ताई, विद्यापीठानं पाठवलेल्या त्या जबाबावर सही करून टाक ना. हृदय बंद पडलं, एवढंच तर लिहिलंय."

"डॉक्टर म्हणाले, विष होतं."

"एक म्हणाला. दुसरा नाही म्हणाला. बाईंनीच काढलेलं विद्यापीठ, तिथल्या लोकांना बोभाटा नकोय. पोरांनी तिथे शिकायचं की विषाच्या गप्पा मारायच्या?"

"डेलिया, बाईंच्या औषधाचा पहिला घोट मी घ्यायचे. वीस वर्षं."

"माहितीये. गावभर मिरवायचीस."

"त्या सकाळी नाही घेतला. चर्चमध्ये मिस्साला जायचं होतं, प्रसाद घ्यायला. त्याआधी तोंडात पाण्याचा थेंब तरी चालतो का?"

"नाही चालत. मग तसं सांगायचं त्यांना."

"मी घाईत होते. 'चाखलंय, प्या' म्हणाले बाईंना."

एल्सपेथने अजून एकही पान उलटलं नव्हतं.

"मग तर सही करच. हृदयानं गेल्या म्हटलं की तुझ्यावर काही येतच नाही. सुटशील, ताई."

"हो, सुटेन."

"मग?"

"म्हणूनच नाही करत. ऊठ, गाडी आली."