मंजिरी गेली, हे इराला सांगताना

मंडळी, एश्बॉर्नहून, हॅम्बर्गहून, इतक्या लांबून आलात. साताऱ्याहून मंजिरीचे आई-बाबा फोनवर ऐकताहेत. आई, आवाज येतोय ना? बोलायला उभा राहिलोय खरा, पण जमेल असं वाटत नाही. मध्येच थांबलो तर थांबू द्या मला.

तुमच्यापैकी बहुतेकांना या गावात आल्यावर पत्त्याच्या आनमेल्डुंगला, सरकारी नोंदणीला, मंजिरीनंच नेलं होतं. डिग्री झाली, तुम्ही गेलात. जायलाच हवं होतं. विद्यापीठाचं गाव हे, कायझर्सलाउटर्नला कायमचं राहायला कोण येतं? दर वर्षी ती कुणाला तरी स्टेशनवर सोडून यायची आणि म्हणायची, "समीर, आता नवीन ओळखी नकोत बाबा." आणि ऑक्टोबरात पुन्हा कुणाला तरी घरी घेऊन यायची.

साताऱ्यात ती शाळेत शिकवायची. इथे सगळं पहिल्यापासून शिकली आणि किंडरगार्टनमध्ये लागली. माझं इन्स्टिट्यूटमधलं काम इंग्रजीत. घरातलं जर्मन सगळं तिचं. आमची इरा सहा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मंजिरी आम्हा दोघांच्या मध्ये असायची, म्हणून घर चालायचं.

गेल्या महिन्यात कामावर जाताना ती बसस्टॉपवर कोसळली. मेंदूत रक्तस्राव. दुपारी डॉक्टर मला बाजूला घेऊन इंग्रजीत बोलले. हळू बोलले, नीट बोलले. मला सगळं कळलं. बाहेर बाकावर इरा बसली होती, आमच्या शेजारच्या फ्राऊ बेकरांबरोबर. त्या आज इथे आल्यात. माझं बोलणं त्यांना कळत नाहीये, तरी आल्यात.

मी म्हणालो, "इरा, आई आता उठणार नाही."

तिनं विचारलं, "उंड मॉर्गन?" मग उद्या?

"नाही गं. आई गेली."

"वोहिन?" कुठे?

सांगा, आपण असंच म्हणतो ना? गेली. देवाघरी गेली. त्या पोरीला यातलं काहीच पुरेना. जो शब्द पुरला असता, तो माझ्या तोंडून निघेना. शेवटी फ्राऊ बेकरांनी तिला मांडीवर घेतलं आणि तो जर्मनमध्ये सांगितला. छोटासा शब्द आहे. इरा रडली नाही. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, मराठीत विचारलं, "बाबा, खरं?"

मी मानेनंच हो म्हणालो.

आई, तुम्ही म्हणता, तिला घेऊन साताऱ्याला या. बाबा रोज विचारतात. काय सांगू? इरा म्हणते, माझी शाळा इथे आहे. इथे मला तिचं अर्धं बोलणं कळत नाही. तिथे तर ते कुणालाच कळणार नाही. शाळेतून आली की भरभरून काहीतरी सांगायची, मी आपला जर्मनमधलं "या, या", हो, हो करत मान डोलवायचो. मला कळलेलं नाही, हे तिला कळायचं. हल्ली ती सांगतच नाही.

अशा वेळी धीराचं काही बोलावं. माझ्याजवळ नाहीये. मला पुढचं काही दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाला दिसत असेल तर सांगा. खरंच सांगा.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया. मला शांततेची भीती वाटते, घरात तीच भरून राहिलीय. पण आज तुम्ही सगळे आहात, एवढी एक निभेल. कॉम, इरा. इकडे ये. हात दे.

मंडळी, उठूया.