पंचाची शिट्टी

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या शेजारी एक जोडपं येऊन टेकलं. नवऱ्याच्या गळ्यात फुटबॉलच्या पंचाची शिट्टी होती.

"अहो, रक्त पातळ करायची गोळी घेतलीत ना?"

"सोमवारपासून बंद आहे. दात काढल्यावर रक्त थांबायला नको?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? अक्कल आहे मला."

"त्याच अकलेनं विड्या ओढत होतात ना? मेंदूची नस अरुंद झालीय हे माहीत असून?"

"सोडल्या की गं!"

"झटका आल्यावर! ऐन सामन्यात शिट्टी तोंडातून गळली आणि दोन्ही संघ तुम्हाला शिव्या घालत होते."

"ते रोजच घालायचे. म्हणून तर कुणाला लवकर कळलं नाही."

"नस अजून तेवढीच अरुंद आहे. मी कालच मेंदूच्या डॉक्टरांना विचारलंय. गोळी चालू ठेवूनच दात काढायचा. रक्त जास्त वेळ आलं तर बोळा दाबून धरायचा. ही घ्या, गिळा. आत गेल्यावर डॉक्टरांना गोळी बंद केल्याचंही सांगा."

"ते ऐकून त्यांनी आज दात नाही काढला तर? ठणका सहन होत नाही गं."

"ठणकू दे. त्या दिवशी अर्धं तोंड वाकडं झालं, तेव्हा तुम्हाला काहीच दुखलं नव्हतं."

पंचांनी मुकाट्यानं गोळी गिळली.

"आता वाजवा."

"इथं? लोक बसलेत."

"वाजवा म्हणते ना."

शिट्टी अशी कडाडली की आतून डॉक्टर हातमोज्यांसकट धावत आले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या नवऱ्याच्या ओठांचे दोन्ही कोपरे न्याहाळत होत्या.